अर्ध्या वाटेवरची उपकारस्तुती

मंडळी, सलाम! (आमच्यात भेटल्यावर सलामच म्हणतात, तीच सवय. ज्यांना नमस्कार हवा त्यांना नमस्कार, आणि नरसीकरांना राम कृष्ण हरी!)

गेलं वर्ष-दीड वर्ष मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे "पाय कसा आहे आता?" जालन्याची आत्या दर रविवारी विचारते, पुण्याचा मामेभाऊ विचारतो, पळणारे मित्र तर रोज विचारायचे. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात सांगून झालंय, पण सगळं एकत्र असं कुणालाच सांगितलेलं नाही. म्हणून म्हटलं एकदा निवांत लिहावं. लिहायला बसलो आणि लक्षात आलं की पायाबद्दल लिहायचं तर आधी एका शब्दाबद्दल लिहावं लागणार. तो शब्द म्हणजे उपकारस्तुती.

मराठी ख्रिस्ती घरात वाढलेल्यांना हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. आपण माणसांचे आभार मानतो, देवाची उपकारस्तुती करतो. घरात बाळ आलं, पोराला नोकरी लागली, नवं घर झालं, कुणाचं ऑपरेशन सुखरूप पार पडलं की घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवायची. पाळकसाहेब येतात, 'उपासना संगीता'तली दोन-चार गीतं होतात, शास्त्रपाठ होतो, मग ज्याच्यासाठी सभा ठेवली तो उठून साक्ष देतो आणि शेवटी जेवण. लहानपणी आम्हा पोरांचं सगळं लक्ष त्या शेवटच्या भागाकडे असायचं, हे वेगळं सांगायला नको.

साक्षीला एक ठरलेला क्रम असतो. आधी संकट, मग प्रार्थना, मग सुटका. मी आजवर शेकडो साक्षी ऐकल्या असतील. त्यातली एकही मधेच, म्हणजे संकट चालू असतानाच संपलेली ऐकली नव्हती. माझ्यावर तशी साक्ष द्यायची वेळ आली, त्याची ही गोष्ट.

नवीन वाचकांसाठी थोडं माझ्याबद्दल. आमचं घराणं मूळ जालन्याकडचं. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं, त्या परिसरातले आम्ही. नोकरीमुळे मी नरसी नामदेवला आलो. शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकच. रविवारी उपासनेला हिंगोलीला जातो, तिथली मंडळीही लहानशीच आहे.

नरसी म्हणजे संत नामदेवांचं गाव. परंपरेनं त्यांचा जन्म 1270 चा, इथला, कयाधू नदीच्या काठचा. पळणारा माणूस म्हणून मला नामदेवांचं फार कौतुक वाटतं ते एका गोष्टीसाठी. हा माणूस चालत पंजाबात गेला. गुरुदासपूर जिल्ह्यातलं घुमान इथून दीड हजार किलोमीटरच्या वर आहे. त्यांची 61 पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत आणि 2015 साली आपलं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला भरलं होतं. चांगले बूट आणि घड्याळ असूनही बेचाळीस किलोमीटरला आमची दमछाक होते!

पळणं मी तिशीनंतर सुरू केलं. शाळेच्या आधी, पहाटे, नरसीहून हिंगोलीच्या रस्त्यानं. दोन्ही बाजूंना सोयाबीन, तूर आणि हळद. मुंबईची पूर्ण मॅरेथॉन तीन वेळा केली. जानेवारी 2024 ला 3 तास 42 मिनिटं लागली होती. 19 जानेवारी 2025 ला साडेतीन तासांच्या आत यायचं असा बेत होता आणि तयारीही त्या मानानं छान चालली होती. पहाटेचं ते पळणं माझी प्रार्थनेची वेळसुद्धा होती. घरात गुडघे टेकून मला फार वेळ प्रार्थना जमत नाही, मन भरकटतं. पळताना जमायची.

24 नोव्हेंबर 2024, रविवार. आदल्या दिवशी विधानसभेचा निकाल लागला होता. रस्त्यावर जागोजागी गुलाल पडलेला आणि फटाक्यांचे कागद. मी सावकाशच पळत होतो, उपासनेला जायचं म्हणून थोडंच अंतर करायचं होतं. अचानक मागून फट् असा आवाज आला आणि डाव्या टाचेच्या वर कुणीतरी दगड मारल्यासारखं झालं. मला खरंच वाटलं, कालचा उरलेला फटाका कुणीतरी लावला. मागं वळून बघितलं तर रस्ता मोकळा. पाऊल टाकायला गेलो तर पाय खाली आहे पण जमिनीला ढकलतच नाही. मी रस्त्याच्या कडेला बसलो.

नंतर कळलं की हे असंच होतं. टाचेच्या मागं जी जाड दोरीसारखी शीर लागते ना हाताला, तिला आपल्याकडे धोंडशीर म्हणतात, इंग्रजीत अकिलीस टेंडन. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी ही शरीरातली सगळ्यात जाड आणि सगळ्यात बळकट कंडरा. पळताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट ताण येतो. पण टाचेच्या वर साधारण दोन ते सहा सेंटीमीटरच्या पट्ट्यात तिला रक्तपुरवठा कमी असतो आणि तुटते ती बहुतेक तिथेच. तुटलेल्या जवळजवळ प्रत्येकाला मागून कुणीतरी लाथ किंवा दगड मारला असंच वाटतं. डॉक्टरांनी मला पालथं झोपवून पोटरी दाबली. एरवी पोटरी दाबली की पाऊल हलतं. माझं उजवं हललं, डावं तसंच लोंबत राहिलं. एवढ्यावर निदान झालं. "तिशी ते पन्नाशीतल्या पुरुषांत हे जास्त बघायला मिळतं, तुमचा नंबर लागला," असं म्हणून ते हसले. बरं वाटलं त्या हसण्यानं.

रस्त्यावरून मला उचललं ते आमच्या दूधवाल्यानं. त्यानं दुधाचे दोन्ही कॅन तिथल्या एका आखाड्यावर ठेवले, "सर, बसा मागं, पाय लांब धरा," म्हणाला आणि मोटारसायकलवर घरी आणून सोडलं. त्या दिवशी अर्ध्या गावाला दूध उशिरा मिळालं. तीन दिवसांनी नांदेडला ऑपरेशन झालं. मग पावलाचा पंजा खाली वळवून मांडीपर्यंत नाही पण गुडघ्यापर्यंत प्लास्टर. कंडरेची टोकं जवळ राहावीत म्हणून पंजा असा खाली ठेवतात.

आता खरी गोष्ट.

1 डिसेंबरला आगमनकाळाचा पहिला रविवार होता. नाताळच्या आधीचे हे चार रविवार आम्ही वाट बघण्याचे मानतो. मी पलंगावर पडून वाट बघत होतो. भेटायला येणारी माणसं चांगल्या मनानं येत होती आणि प्रत्येकाकडे एक कारण होतं. एका नातेवाइकांनी सांगितलं की देव ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिक्षा करतो. दुसरे म्हणाले, पळण्यात फार जीव गुंतला होता, देवानं थांबवलं. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "नामदेव महाराजांला बोला, पाय बरा हुईल," आणि सोबत हळदीचा लेपही सांगितला. (प्लास्टरवर लेप कुठं लावायचा ते मात्र सांगितलं नाही!) मला यातलं कुठलंच कारण पटेना. मुलांना मी वर्गात कार्यकारणभाव शिकवतो. कमी रक्तपुरवठ्याची कंडरा ताणाखाली तुटली, हे कारण मला पुरेसं होतं. प्रश्न कारणाचा नव्हताच. प्रश्न होता की आता मी देवाशी बोलू कसा? माझी बोलायची जागा तो रस्ता होता आणि रस्ता बंद झाला होता.

19 जानेवारीला मुंबईत माझे मित्र पळत होते तेव्हा मी घरी फोनवर त्यांचे आकडे बघत होतो. दहा किलोमीटर, एकवीस, तीस... पेडर रोडचा चढ कुणी कसा काढला ते आकड्यांवरून कळत होतं. दुपारी फोन बंद करून भिंतीकडे तोंड करून झोपलो.

त्याच आठवड्यात आत्याचा फोन आला. म्हणाली, "पळायला लागलास की मोठी उपकारस्तुती ठेवू, आम्ही सगळे जालन्याहून येतो." मला ते पटलं. रीतही तीच आहे. फोन ठेवला तर आई समोर बसून तूर निवडत होती. वर न बघता म्हणाली, "आणि नाहीच पळालास तर?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे पळाला नाहीस तर देवाचे उपकार नाहीतच का? तवर उधारी ठेवायची का त्याची?"

आई चौथी शिकलेली आहे. तिच्या हातावर दोन लेकरं गेली, मी तिसरा. बाबा गेल्याच्या दुसऱ्याच रविवारी ती उपासनेला जाऊन बसली होती, हे मला आठवतं. तिला उत्तर द्यावं असं माझ्याकडे काही नव्हतं. सभा फेब्रुवारीत ठेवायची असं तिनंच ठरवलं. बायकोनं तिच्या बाजूनं मत दिलं. घरात बहुमत झालं. :)

पाळकसाहेब आले तेव्हा त्यांना मी स्पष्टच सांगितलं की मला पायाबद्दल उपकार मानता येणार नाहीत, ते खोटं होईल. ते म्हणाले, "मानू नका. तसं कुणी सांगितलंय?" मग त्यांनी मला थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय काढायला लावला. पौल तिथे प्रत्येक स्थितीत उपकार मानायला सांगतो. स्थितीबद्दल नव्हे, स्थितीत. लहानपणापासून पाठ असलेलं वचन, पण त्या एका प्रत्ययाकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. व्याकरणाच्या सरांनी शिकवायचं ते पाळकसाहेबांनी शिकवलं.

नंतर पडल्यापडल्या मी पौल पुन्हा वाचला. या माणसानं शर्यती नक्की बघितल्या असणार असं मला नेहमी वाटतं. करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरायचे आणि करिंथकरांनाच लिहिलेल्या पत्रात तो धावणाऱ्यांचं आणि त्यांच्या कोमेजणाऱ्या मुगुटाचं उदाहरण देतो. त्याच करिंथकरांना दुसऱ्या पत्रात तो आपल्या शरीरातल्या काट्याबद्दल सांगतो. तो काटा नेमका कसला ते तो सांगत नाही. काढून टाक म्हणून त्यानं तीनदा विनंती केली आणि तो काढला गेला नाही, एवढंच सांगतो. म्हणजे पौलाचीसुद्धा साक्ष सुटकेशिवायची!

आणि याकोब. उत्पत्तीच्या पुस्तकातली ही गोष्ट मला रविवारच्या शाळेपासून माहीत. याकोब जन्मला तो जुळ्या भावाची, एसावाची टाच धरून. हिब्रूत त्याचं नाव टाचेच्या शब्दाशीच जोडलेलं आहे. पुढे एका रात्री यब्बोक नदीच्या उताराजवळ कुणी एक पुरुष पहाटेपर्यंत त्याच्याशी झोंबी करतो. याकोब आशीर्वाद घेतल्याशिवाय सोडत नाही. आशीर्वाद मिळतो, पण जांघेचा सांधा निखळतो तो निखळतोच. सूर्य उगवतो तेव्हा याकोब लंगडत चाललेला असतो. आशीर्वाद आणि लंगडणं एकाच रात्री, एकाच हातून. रविवारच्या शाळेत आम्ही आशीर्वादाची गोष्ट म्हणून ती ऐकायचो. आता ती मला लंगड्याची गोष्ट म्हणून दिसली आणि जास्त आवडली.

16 फेब्रुवारीला संध्याकाळी सभा झाली. तोपर्यंत प्लास्टर जाऊन टाचेखाली उंचवटे घातलेला मोठा बूट आला होता आणि हातात कुबड्या. हिंगोलीची पाच-सहा कुटुंबं आली. गल्लीतले सगळे आले, शाळेतले सहकारी आले, दूधवाला सहकुटुंब आला. आईनं पुरी, बटाट्याची भाजी, वरण-भात आणि शिरा असं सगळ्यांना चालेल असं जेवण केलं होतं. गावात हळद शिजवायचे दिवस होते, सगळीकडे तोच वास.

गीतं ना. वा. टिळकांची होती. टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 ला बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत आणि त्यांच्या रचना ऐकल्या की ते पटतं. अभंगाचीच चाल, अभंगाचीच भाषा. पहिलं गीत आमच्या लोकांनी म्हटलं. दुसऱ्याला शेजारच्या भजनी मंडळातले काका उठून घरी गेले. मला वाटलं, अवघडले असतील. ते मृदंग घेऊन परत आले. सोबत दोघं टाळ घेऊन. तिसरं गीत सगळ्या नरसीनं ऐकलं असेल.

मग मला साक्ष द्यायला सांगितलं. मी एका कागदावर लिहून आणलं होतं. सुरुवातीलाच सांगून टाकलं की पाय बरा झालेला नाही आणि पूर्वीसारखा होईल की नाही ते डॉक्टरही सांगत नाहीत. मग कागद वाचला. दोन कॅन रस्त्यावर ठेवून मला उचलणाऱ्या माणसाबद्दल. माझे तास दोन महिने वाटून घेणाऱ्या शिक्षकांबद्दल. नांदेडला ऑपरेशनच्या रात्री बायकोला डबा आणून देणाऱ्या, आमच्या ओळखीच्याही नसलेल्या पेशंटच्या घरच्यांबद्दल. पुस्तकं घेऊन घरी येणाऱ्या आणि प्लास्टरवर मज्जारज्जूपासून पचनसंस्थेपर्यंत सगळ्या आकृत्या काढून ठेवणाऱ्या दहावीच्या पोरांबद्दल. नाताळच्या आधी हिंगोलीहून थंडीत गीतं म्हणत आलेल्या आणि माझ्या पलंगाभोवती उभं राहून म्हणणाऱ्या तरुणांबद्दल. आईबद्दल. बायकोबद्दल, जिनं रोज सकाळी मला आंघोळ घातली आणि एकदाही सुस्कारा सोडला नाही.

वाचता वाचता मला जाणवलं की यातलं एकही नाव माझ्या पळण्याच्या वहीत नाही. पंधरा वर्षांच्या त्या वहीत तारीख, अंतर, वेळ आणि हवामान आहे. माणसं नाहीत. पळणं ही एकट्यानं करायची गोष्ट आहे, त्यात वावगं काही नाही. पण उचलून नेलं जाणं एकट्यानं होत नाही. आणि ज्याच्याशी मला रस्त्यावर बोलता यायचं, तो घरातही या सगळ्यांच्या पायांनी रोज येत होता, हे मला कागदावर लिहिल्यावर दिसलं.

शेवटी मी म्हटलं, "मला पाय बरा व्हावा असं अजून वाटतं. मी रोज मागतो. पण हे सगळं आधीच मिळालेलं आहे, त्याची आज उपकारस्तुती." आणि बसलो. क्षणभर कुणाला आमेन म्हणावं की नाही तेच कळेना, कारण साक्ष संपल्यासारखी वाटत नव्हती. आईनं आधी म्हटलं.

नंतरचं थोडक्यात सांगतो. एप्रिलमध्ये बूट गेला. मे महिन्यात दोन्ही टाचांवर उभं राहणं जमलं, एका टाचेवर नाही. जूनच्या शेवटी दहा पावलं पळालो, अंगणात.

जुलैत आपल्या मराठवाड्याच्या अविनाश साबळेची बातमी आली. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा हा पोरगा, 2023 च्या आशियाई खेळांत स्टीपलचेसचं सुवर्ण जिंकलेला. 11 जुलै 2025 ला मोनॅकोच्या शर्यतीत तो पडला, गुडघ्याचा अस्थिबंध फाटला, शस्त्रक्रिया झाली आणि टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. माझ्या तीन तास बेचाळीस मिनिटांची त्याच्याशी तुलना नाही, पण त्या रात्री मी त्याच्यासाठी बराच वेळ प्रार्थना केली. मेब केफ्लेझिघी हा अमेरिकन धावपटूही मला आठवला. आपला ख्रिस्ती विश्वास उघडपणे सांगणारा. 2007 च्या नोव्हेंबरात ऑलिंपिक निवडीच्या शर्यतीत त्याचं कमरेचं हाड मोडलं आणि त्याच शर्यतीत त्याचा मित्र रायन शे कोसळून वारला. मेब पुढे 2009 ला न्यूयॉर्क आणि 2014 ला बोस्टन जिंकला. मोठी साक्ष आहे. पण हल्ली मला त्यातलं जिंकण्याआधीचं 2008 साल जास्त जवळचं वाटतं, ज्याबद्दल कुणी फार विचारत नाही.

21 जुलैला नरसीची परतवारी होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आषाढीला पंढरपूरला जाऊन आलेले वारकरी पुढच्या एकादशीला नरसीला नामदेवांच्या दर्शनाला येतात, तेव्हा वारी पूर्ण झाली असं मानतात. गावात पाय ठेवायला जागा नसते. आमच्या शाळेची मुलं पाणी वाटतात. मी पाण्याच्या टाकीजवळ खुर्ची टाकून बसलो होतो. एक आजीबाई, पायात चप्पल नाही, टाचांना भेगा, पाणी प्यायल्या आणि माझ्या घोट्यामागचा व्रण बघून म्हणाल्या, "लई लागलं होतं का रं?" मी म्हटलं, "हो आजी." त्या म्हणाल्या, "चालतूस ना? मग झालं." आणि गेल्या. माझा विश्वास वेगळा, त्यांचा वेगळा, पण ते वाक्य मी प्रार्थनेत घेतलं आहे.

तर आत्या, पाय असा आहे: डावी पोटरी उजवीपेक्षा अजून बारीक आहे. अशा ऑपरेशननंतर पोटरीची थोडी ताकद अनेकांना कायमची कमी राहते, माझीही राहील असं दिसतं. पाच किलोमीटर पळतो, मधे मधे चालत. पूर्वी ज्या वेळात आठ व्हायचे त्यात आता पाच होतात. 2026 च्या मुंबई मॅरेथॉनला नाव दिलं नाही. पुढचं माहीत नाही. वहीत आता आणखी एक रकाना वाढवलाय, वाटेत कोण भेटलं त्याचा. दूधवाल्याचं नाव रोज असतं.

मोठी उपकारस्तुती आता वेगळी ठेवायची नाही, ती होऊन गेली. पण जालन्याहून सगळे येणार असाल तर अवश्य या. आई पुऱ्या करायला तयार आहे, आणि मृदंगवाले काका विचारत होते की पुन्हा कधी आहे म्हणून.

देव बरे करो.